दक्षिणा बरी आहे ना?

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघालं की टोकावडे मागे पडतं, वैशाखरे येतं, आणि थोड्याच अंतरावर नाणेघाटाची वाट डांबरी रस्ता सोडून रानात शिरते. दम खात चढलं तर तीनेक तास लागतात. शेवटच्या टप्प्यात पायाखाली जुन्या फरसबंदीचे दगड लागतात, डोंगर दोन्हीकडून जवळ येतो, आणि खिंडीच्या तोंडाशी कातळात खोदलेलं एक चौकोनी दालन दिसतं. शाळेच्या सहलीत मी ते पहिल्यांदा पाहिलं. मास्तरांनी माथ्यावरचा दगडी रांजण दाखवला, यात जकातीची नाणी पडत असं सांगितलं, आणि आम्ही मुलींनी त्यात खडे टाकून आवाज ऐकला. दालनाच्या भिंतींवरच्या अक्षरांकडे आमच्यापैकी कुणीच नीट पाहिलं नाही.

ती अक्षरं पुन्हा भेटली ती पुष्कळ वर्षांनी, एका पुस्तकात. तोवर मी भाषांतरकार झाले होते. आसनगावजवळ घर, खिडकीतून माहुलीचे सुळके, माहेर मुरबाडकडचं. गिऱ्हाइकं मुंबईत, पुण्यात, एखादं परराज्यात. नोकरी नाही. काम येतं, करून देते, मग पैशांची वाट पाहते. हल्ली याला सरळ फ्रीलान्सिंग म्हणतात आणि आमच्या तालुक्यात ते करणारी मी एकटी नाही. कुणी लग्नाचे व्हिडिओ जोडतं, कुणी हिशेब लिहितं, कुणी घरबसल्या चित्रं काढून पाठवतं. सगळ्यांची दोन गाऱ्हाणी ठरलेली: कामात लक्ष लागत नाही, आणि गिऱ्हाईक नीट वागत नाही. मीही ती दोन वेगळी समजत होते. नाणेघाटाच्या भिंतीने माझा तो समज हलवला.

भिंतीवरचा लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. लेखात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची यादी आहे: अग्न्याधेय, राजसूय, एक सोडून दोन अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम आणि आणखी कितीतरी. मला थक्क केलं ते यादीच्या दुसऱ्या रकान्याने. यज्ञामागून यज्ञ येतो आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, दक्षिणा काय दिली. एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती. दुसरीकडे ११,००० गाई आणि १,००० घोडे. एका यज्ञाचे २४,४०० काहापण, म्हणजे कार्षापण नाणी, आणि तिथेच नुसतं येऊन बसलेल्या मंडळींना ६,००१.

तो वरचा एक बघा. आपण आजही आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया ठेवतो. इतक्या जुन्या कातळावर तो एक कोरलेला पाहिला की अंगावर काटा येतो. शिवाय हे आकडे अक्षरांत लिहिलेले नाहीत, चिन्हांनी लिहिलेले आहेत. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. आपण आज मोबाइलवर ज्या अंकांत रक्कम टाकतो त्यांच्या पूर्वजांपैकी काही मुरबाडच्या माथ्यावर बसलेले आहेत, आणि तिथे ते मोबदला मोजण्याच्या कामाला लावलेले आहेत.

राजाने दान केलं, एवढंच यात वाचता येईल. पण दक्षिणा हा यज्ञाचाच भाग. ती दिल्याशिवाय यज्ञ पुरा होत नाही असं शास्त्र सांगतं. आणि ती घेणारे ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, राजाचे पगारी नोकर नसत. प्रत्येक यज्ञासाठी त्यांना नव्याने निवडायचं, त्याला वरण म्हणत. मोठ्या सोमयागाला १६ ऋत्विज लागत, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि यज्ञ संपला की नातं संपलं. पुढचा यज्ञ, पुढचं बोलावणं.

हे बोलावणं कसं यायचं याचं वर्णन आपस्तंबाच्या श्रौतसूत्रात आहे, आणि फ्रीलान्स काम करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं. यजमानाकडून निरोप घेऊन एक माणूस येतो, त्याला सोमप्रवाक म्हणतात. ऋत्विज लगेच हो म्हणत नाही. तो आधी विचारतो. त्याच्या प्रश्नांचा आशय आपल्या भाषेत असा: हा अनेक दिवस लांबणारा यज्ञ तर नाही ना? हे काम आधी कुणी अंगावर घेऊन टाकून तर दिलेलं नाही ना? आणि दक्षिणा बरी आहे ना?

काम केवढं. आधी कुणी सोडून गेलंय का. पैसे किती. ही प्रश्नावली मला स्वतःहून सापडायला अकरा वर्षं लागली, आणि त्यातला मधला प्रश्न तर मला सुचलाच नव्हता.

यज्ञातल्या आणखी एका माणसाकडे मला तुम्हाला न्यायचं आहे. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू हातांनी सगळी क्रिया करतो, उद्गाता साम गातो. चौथा ब्रह्मा. तो दक्षिण दिशेला गप्प बसून असतो. छांदोग्य उपनिषदात म्हटलं आहे की यज्ञाच्या वाटा दोन, वाणीची आणि मनाची. बाकीचे वाणीची वाट चालतात, ब्रह्मा एकटा मनाची. तो मध्येच बोलला तर यज्ञ एका पायाने चालणाऱ्या माणसासारखा, एका चाकाच्या रथासारखा लंगडतो. त्याचं काम म्हणजे लक्ष. कुठे चूक झाली तर ती त्याच्या ध्यानात यायला हवी, आणि प्रायश्चित्ताने ती त्यानेच सुधारायची. हा नुसता बसतो, मग याला दक्षिणा कशाची, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला होता. ऐतरेय ब्राह्मणात तो आहे, आणि उत्तरही आहे: हा यज्ञाचा वैद्य आहे. त्याचा वाटा तिथे अर्धा सांगितला आहे. अखंड लक्ष देणं हे काम आहे आणि त्याचे पैसे पडतात, हे इतक्या पूर्वी कुणीतरी इतक्या स्पष्टपणे मांडून ठेवलं होतं. मला हे वाचून फार आनंद झाला.

आता माझ्या टेबलाकडे येते. गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका संस्थेकडून आरोग्यपुस्तिकेचं काम आलं. फोनवर बोलणं झालं ते असं: "ताई, थोडंसंच आहे. जमेल तसं पण लवकर द्या. पैशांचं बघून कळवतो." मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात माझ्याकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मोठं, चांगलं, आवडीचं काम चालू होतं. पहाटे पाचला उठून बसायचे, पंख्याचा आवाज तेवढा, आणि तरी एकच परिच्छेद चार चार वेळा वाचायचे. डोळे ओळीवरून जात होते, अर्थ आत उतरत नव्हता. थोडंसं म्हणजे किती पानं? लवकर म्हणजे कधी? कळवतो म्हणजे कोण, केव्हा? पुस्तिका मी उघडलीही नव्हती, पण ती माझ्या डोक्यात बसून होती. सासूबाई म्हणाल्या, "तुझं चित्त कुठंय? चहा दोनदा उकळला."

पाचव्या दिवशी मी फोन लावला. सहा-सात मिनिटं बोलणं झालं. ३२ पानं, तारीख २०, दर पानामागे इतका, दुरुस्त्या एकदाच, पैसे ३० दिवसांत. ते सगळं एका संदेशात लिहून पाठवलं, पलीकडून "ठीक आहे" आलं. पुस्तिकेचं एक अक्षरही अजून झालं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे माझं ते दुसरं, मोठं काम सरळ, सलग, नळाला पाणी आल्यासारखं सुरू झालं.

असं का व्हावं? काम तर जिथल्या तिथेच होतं. कमी झालं ते नेमकं काय?

याचा शोध एका कॉफीच्या बिलापासून सुरू होतो. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये कुर्त लेविन या मानसशास्त्रज्ञाभोवती तरुण संशोधकांचा एक गट होता. त्यांच्यात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की कॉफीगृहातल्या वेटरला पैसे न दिलेल्या टेबलाचा हिशेब तोंडपाठ असायचा, आणि पैसे मिळाले की थोड्याच वेळात तो पुसला जायचा. त्या गटातल्या ब्लूमा झायगार्निक यांनी याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. माणसांना वीसेक छोटी कामं दिली, मातीच्या आकृत्या, कोडी, हिशेब. निम्मी पुरी करू दिली, निम्मी मध्येच काढून घेतली. नंतर विचारलं, काय काय आठवतं? अर्धवट राहिलेली कामं जवळजवळ दुप्पट आठवत होती. हा निबंध १९२७ साली छापून आला. पुढे इतरांनी तो प्रयोग केला तेव्हा आठवणीतला हा फरक दर वेळी दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण त्याच गटातल्या मारिया ओव्स्यान्किना यांनी १९२८ साली मांडलेली गोष्ट जास्त टिकली: अर्धवट काम समोर असलं की माणूस कुणी न सांगता त्याच्याकडे परत वळतो. बक्षीस नाही, सक्ती नाही, तरी हात तिकडेच जातो.

म्हणजे आपलं मन उघड्या राहिलेल्या हिशेबाला धरून बसतं. बरं, मग तो बंद कसा करायचा? काम पुरं करून, असं कुणीही म्हणेल. इथेच मला चकित करणारी गोष्ट आहे. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोगमालिका प्रसिद्ध केली. लोकांना त्यांच्या राहून गेलेल्या कामांची आठवण करून दिली आणि मग वेगळंच काहीतरी वाचायला दिलं. अपेक्षेप्रमाणे राहिलेली कामं वाचनात घुसत राहिली. मात्र ज्यांच्याकडून ते काम कधी, कुठे, कसं करणार याचा नेमका बेत आधी लिहून घेतला, त्यांच्या वाचनात ती घुसली नाहीत. काम तेवढंच शिल्लक होतं. नुसत्या बेताने मनाने पकड सोडली.

मनाला काम झालेलं हवं असतं असं आपण धरून चालतो. त्याला त्याआधी काम ठरलेलं हवं असतं. माझं पुस्तिकेचं काम न ठरलेलं होतं, म्हणून ते पहाटेच्या त्या परिच्छेदात येऊन उभं राहत होतं. "बघून कळवतो" हे वाक्य फोन ठेवल्यावर संपत नाही. ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात भाड्याशिवाय राहायला येतं. अशी वाक्यं आपल्या भाषेत पुष्कळ आहेत आणि ती गोड आहेत, म्हणून जास्त त्रास देतात: आपलंच काम समजा, पुढे भरपूर कामं आहेत, एवढं करून टाका मग बोलू. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेकदा कपट नसतं. त्यालाही आपल्याला काय हवंय ते कळलेलं नसतं. विचारून ते त्याला कळू देणं हा आपल्या कामाचाच भाग आहे. बहुतेक गिऱ्हाइकं त्यावर रागावत नाहीत, सुटल्यासारखी होतात, असा माझा अनुभव आहे. त्यांच्या डोक्यातही तो हिशेब उघडाच असतो.

सोफी लेरॉय या अमेरिकेतल्या संशोधिकेने २००९ साली मागचं काम असं डोक्यात उरण्याला नाव दिलं: लक्षाचा अवशेष. एका कामावरून दुसऱ्यावर गेलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामाला चिकटून मागेच राहतो. त्यांनी आणि थेरेसा ग्लोम यांनी २०१८ साली यावर जो उपाय तपासला तो मला आपल्या आजीच्या शहाणपणाइतका साधा वाटतो. मध्येच उठावं लागलं, तर उठण्यापूर्वी एक मिनिट घेऊन लिहायचं: कुठे थांबले, परत आल्यावर पहिलं काय करायचं. मग उठायचं. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज जाते, फोनला रेंज मिळावी म्हणून गच्चीवर जावं लागतं, दारात कुणी येतं. उठणं टळत नाही. पण त्या एका ओळीने परतीची वाट मोकळी राहते. माझ्या प्रत्येक वहीच्या कडेला आता अशा ओळी आहेत: "पान १४, 'प्रतिकारशक्ती'चा दुसरा शब्द बघ."

फ्रीलान्स या शब्दाची गोष्टही इथेच सांगून टाकते, कारण तिचं एक टोक माझ्या खिडकीत आहे. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९ सालच्या कादंबरीत हा शब्द येतो. कुणा सरदाराला न बांधलेले भालाईत स्वार, ते फ्री लान्स. आपल्याकडे त्यासाठी फार नेमका शब्द आहे. मराठी फौजेत बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येई. पगार शिलेदाराला जास्त, पण घोडा पडला तर नुकसानही त्याचंच. समोरच्या माहुली किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात शरण जावं लागलं. सत्ता आणि चाकऱ्या बदलत राहणाऱ्या अशा काळातच शिलेदाराला किंमत येते आणि धोकाही. माझा लॅपटॉप बंद पडला त्या दिवशी मला शिलेदाराचं दुःख पुरतं कळलं.

आणि या दोघांपलीकडे गावात बलुतेदार होता. त्याची गिऱ्हाइकं जन्माने ठरलेली, मोबदला खळ्यावर धान्यात, वर्षातून एकदा. ते नातं पिढ्यान् पिढ्या टिके हे खरं, पण आपस्तंबाच्या ऋत्विजाचा तो पहिला हक्क, हो म्हणण्याआधी विचारण्याचा, त्याला नव्हता. ऋत्विजाला तो होता, कारण तो जन्माने ब्राह्मण होता. आज आसनगावची किंवा मुरबाडची कोणतीही मुलगी तो प्रश्न विचारू शकते. मला ही लहान गोष्ट वाटत नाही.

नाणेघाट चढून गेलं की जुन्नर तालुका. तिथल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, फड बघतात, तारीख आणि रक्कम ठरवतात आणि सुपारी देतात. आता सिनेमांनी त्या शब्दाचं वाटोळं केलंय, पण सुपारी म्हणजे मुळात ठरल्याची खूण. ती घेतली की त्या रात्री फड त्याच गावचा. हंगामात रात्रीमागून रात्र वेगळं गाव, वेगळा प्रेक्षक. उद्याचं गाव आज ठरलेलं असतं, म्हणून आजच्या बोर्डावर उभं राहणाऱ्या बाईला आजचाच वग दिसत असेल, असं मला वाटतं. जमिनीच्या व्यवहारात विसार असतो, कलावंताला बिदागी असते, मजुराला उचल. आपल्या भाषेत ठरवण्याचे आणि देण्याचे इतके शब्द आहेत आणि आम्ही नवे लोक मात्र पैशांचा विषय काढायला लाजतो.

कायदाही या बाबतीत बोलतो, आणि थोडक्यात पण ठणकावून बोलतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांचा २००६चा कायदा सेवा पुरवणाऱ्या एकट्या माणसालाही लागू होतो, त्याने उद्यम नोंदणी केलेली असली तर. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. लेखी करार असेल तर पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. मी आजवर ते व्याज कुणाला लावलेलं नाही. बिलाच्या तळाशी ही एक ओळ मात्र छापते, आणि ती छापायला लागल्यापासून आठवणीचे फोन कमी करावे लागतात.

मागच्या श्रावणात एक नवा फोन आला. पुण्याहून, शेतीविषयक मजकूर, बोलणारा माणूस सभ्य. मी पानं विचारली, तारीख विचारली. मग आपस्तंबाचा मधला प्रश्न विचारला: "सर, हे काम आधी कुणी हातात घेतलं होतं का?" पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "खरं सांगू का मॅडम, दोघं सोडून गेले." का, ते विचारलं. मजकूर चार जण तपासत होते आणि प्रत्येकाला वेगळा शब्द हवा होता. एकाने पेरणी म्हटलं की दुसरा लागवड करायचा, तिसरा परत पेरणी. ते सांगताना त्यांचा आवाज हलका होत गेला. आम्ही ठरवलं की शब्द एकच जण पक्के करील, आणि तो कोण हे ते उद्या सकाळपर्यंत लिहून कळवतील. दक्षिणेचंही बोललो.

सकाळी नऊला नाव आलं. मी फोन आतल्या खोलीत ठेवला, खिडकी लोटली. माहुली ढगात होती. पहिलं पान भातरोपांच्या वाफ्याचं होतं. आमच्याकडे त्यासाठी राब भाजतात, आणि मी कडेला लिहिलं: "पान १, राब. हा शब्द ठेवायचा का, विचार."